तिसऱ्या सिलिंडरचा दम

आप्पा, तुम्हाला सांगायचं एक राहून गेलं आहे. ते तुमच्या साताऱ्याच्या गॅरेजातल्या एका सकाळचं आहे. लढाईचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर मिळत होतं, आणि मी सांगलीच्या कॉलेजातून सुट्टीला घरी आले होते. तुमच्या पलटणीतले सुभेदारकाका कोरेगावहून आपली जुनी मोटार विकायला घेऊन आले होते. घेणार होत्या सांगलीच्या डॉक्टरीणबाई. आटपाडीकडच्या बाळंतिणींसाठी त्यांना गाडी हवी होती. त्या तुम्हाला म्हणाल्या, "मला रंग दाखवू नका. वाटेत ही बंद पडली तर तिकडे एक बाई मरेल. तुम्ही चांगली म्हणालात तर घेते, नाही म्हणालात तर जाते."

कॉम्प्रेशन हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. तुम्ही त्याला दम म्हणायचात. चारही प्लग काढायचे, एकेका भोकावर अंगठा दाबायचा आणि पुढून कोणीतरी हँडल मारायचं. आदल्या दिवशी रेडिएटरच्या वाफेनं तुमचा उजवा अंगठा भाजला होता, त्यावर पट्टी होती, आणि डाव्या हातावर तुमचा भरवसा नव्हता. म्हणून तुम्ही मला म्हणालात, "तू ये. दाबून धर. अंगठा उडाला पायजे."

सुभेदारकाका हँडल मारतात आणि माझ्या अंगठ्याखाली काहीतरी जिवंत होतं. फट्! अंगठा उडतो. एवढ्याशा भोकातून एवढी हवा! वर्गात दाबाची गणितं सोडवणारी मी, त्या क्षणी तोंड उघडं टाकून उभी राहिले. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याला मात्र नुसता फुसका वारा. मी ताठ मानेनं सांगितलं, "तिसरा कमजोर आहे." चौथ्याला मी डावा अंगठा लावला, तो उडाला. तुम्ही तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा पाहायला लावलंत. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तेलानं दम वाढतो. मी म्हणाले, "तसाच आहे." म्हणजे दोष वॉल्वचा, असं तुम्ही डॉक्टरीणबाईंना सांगितलंत आणि त्यांना दोन दिवसांनी यायला सांगितलंत. सुभेदारकाका भडकले. "बसऱ्याच्या लढाईपास्नं वळखतोस मला! आन् पोरीच्या अंगठ्यावर माझी गाडी खोटी ठरवतोस व्हय रं?" तुम्ही म्हणालात, "पोरगी खोटं बोलायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी तुम्ही इंजिनाचं हेड उतरवलंत, उलटं ठेवलंत आणि वॉल्ववर रॉकेल ओतलंत. आपण दोघं वाकून बघत राहिलो. थेंबही झिरपला नाही, म्हणजे वॉल्व चोख होते. तुम्ही हेड परत बसवलंत, मला हँडल मारायला सांगितलंत आणि पट्टी सोडून स्वतःचा भाजलेला अंगठा तिसऱ्या भोकावर दाबलात. पदर खोचून मी हँडल फिरवलं. फट्! अंगठा उडाला, भाजल्याचा फोड फुटला. तुम्ही म्हणालात, "आणिक एकदा." मी पुन्हा फिरवलं. नंतर तुम्ही पट्टी बांधलीत आणि चहा सांगितलात.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तुम्ही हात जोडून म्हणालात, "गाडी चोख हाय बाई. चूक माजी. दम नीट घेतला न्हाई मी." सुभेदारकाकांनी तुमच्या पट्टीकडे पाहिलं. "तू कुठं घेतलास रं? तुजा अंगठा तर बांधलेला."

"माझ्या गॅरेजात घेतला, म्हंजी मीच घेतला."

त्या वाक्यानं मी दिपून गेले, आजही जाते. गावात ज्याच्या शब्दावर गाड्या विकल्या जायच्या, त्यानं गिऱ्हाइकासमोर आणि जुन्या सोबत्यासमोर आपला शब्द एका दमात मागं घेतला. पुढं मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. प्रयोगाचा आकडा मनानं लिहिणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर काढलं, आणि त्या माझ्याकडे बघताना दरवेळी तुमची पट्टी मला दिसली.

तुम्हाला वाटलं असेल, पोरीला जमलं नाही. जमलं होतं, आप्पा. दुसऱ्या दणक्यानं अंगठा दुखायला लागला होता. डॉक्टरीणबाईंसमोर दुखतं म्हणायची लाज वाटली, म्हणून तिसऱ्याला मी तो सैल धरला. तेल सोडल्यावरही सैलच धरला. आणि तो सैल आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं.