हरकत असल्यास

कोल्हापूर,
४ नोव्हेंबर २०२४

चि. मोना हिस,

प्रभूच्या नावात सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर मला काही ऐकू येत नाही आणि तू बोलतेस पुटपुटल्यासारखं, म्हणून हे पत्र.

काल चर्चमध्ये तुझ्या आत्यानं मोठा घोळ घातला. हंगामाच्या सणाचं प्रीतिभोजन जवळ आलंय. दरवर्षी उपासनेत सूचना होते आणि जी बाई जे करून आणणार ते तिनं उभं राहून सांगायचं. पाळकसाहेब काहीतरी वाचून थांबले, इकडंतिकडं बघायला लागले. कुणीच उठेना. मला वाटलं, या बायकांना झालंय तरी काय! मी उठले आणि खणखणीत सांगितलं की तांबडा रस्सा माझ्याकडं हाय.

साहेब वाचत होते ती तुझ्या आईच्या आणि पेटी वाजवणाऱ्या आकारामभाऊंच्या लग्नाची पहिली सूचना. कुणाची हरकत असल्यास उभं राहून सांगावं, असं म्हणून थांबले होते. आणि उठलं कोण, तर वारलेल्या नवऱ्याची सख्खी बहीण! रस्सा ऐकल्यावर सगळी मंडळी पोट धरून हसली. तुझी आई मात्र रडत बाहेर गेली. मी मागोमाग जाऊन माफी मागितली, तर म्हणाली की आक्का चुकून उठल्या, पण मोना खरोखरची उभी हाय, नाशकात बसून.

तिच्याशी तू धड बोलत नाहीस म्हणे. का ते मला लिही.

रोज प्रार्थनेत तुझं नाव घेणारी,
आक्काआत्या

नाशिक,
८ नोव्हेंबर

ती. आक्काआत्यास,

सा. सलाम वि. वि. खरं सांगते, तुम्ही उभ्या राहिलात इथपर्यंत वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. पप्पांच्या बाजूनं कुणीतरी उठलं, असं वाटलं. पुढं तो रस्सा आला.

आकारामकाका वाईट नाहीत, मला ठाऊक आहे. लहानपणी नाताळच्या नाटकात माझ्या पाठीला देवदूताचे पंख तेच बांधायचे. पण खिडकीजवळच्या आमच्या बाकावर पप्पांच्या जागी ते बसणार, हे मला सोसत नाही. आईनं विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं की तुझं तू बघ. तुम्ही तर पप्पांच्या सख्ख्या बहीण. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?

राग मानू नका, आणि मानलात तरी लिहीत जा.

मोना

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर

चि. मोना हिस,

सलाम व आशीर्वाद. राग आला होता. भाकरी थापता थापता गेला.

वाटतं ग, का नाही वाटणार? सयाजीला मी कडेवर खेळवलंय. त्याच्या आवडीचं काही केलं की अजून त्याच्यासाठी वाटी काढायला जाते. पण तो बाक कधी त्याचा होता? धरून ठेवायची तुझी आई. हा उशिरा यायचा आणि प्रवचनात पेंगायचा!

गेल्या नाताळात जेवणं उरकल्यावर आकारामभाऊ चर्चच्या मागं पातेली घासत होते, तुझी आई विसळत होती. ते काय बोलले देव जाणे, पण तुझी आई हसली. सयाजी गेल्यापासून पहिल्यांदा. माझ्या या कानांना ऐकू आलं, म्हणजे किती मोठ्यानं हसली असेल बघ. मी तिथंच रडले. बरं वाटलं म्हणून रडले.

परवा दुसरी सूचना झाली. मी दोन्ही हातांनी बाक धरून बसले होते. येत्या रविवारी तिसरी आणि शेवटची. ती वाचल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि मोनाचा होकार आल्याशिवाय वाचू नका असं तुझ्या आईनं साहेबांना सांगून ठेवलंय. हे तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे, म्हणून मुद्दाम कळवते.

रुसलीस तरी आमचीच आहेस, हे ध्यानात असू दे.

आक्काआत्या

नाशिक,
१६ नोव्हेंबर

ती. आक्काआत्यास,

सा. सलाम वि. वि. पत्र काल मिळालं. लगेच आईला फोन केला. आम्ही दोघीही रडत होतो, त्यामुळं बोलणं फारसं झालं नाही. सूचना वाचायला सांग, एवढं मात्र मी म्हणाले. मनापासून म्हणतेस ना, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. आत्या, सगळं मन अजून वळलेलं नाही. पण तिला हसताना मलाही ऐकायचंय.

एक गोष्ट आईला सांगायची राहिली, ती तुम्ही पाळकसाहेबांच्या कानावर घाला. लग्नात ते विचारतात ना, की या स्त्रीला कोण देत आहे, आणि मग नवरीचे वडील पुढं होतात. आजोबा नाहीत, मामाही नाही. तर त्यांना म्हणावं, कुणाला शोधू नका. मी येतेय. आईचा हात आकारामकाकांच्या हातात मी देणार आहे.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
मोना