अस्तर उसवून वाच

बुधवार, ११ तारीख
सकाळी, दुकान उघडण्याआधी

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तू हे वाचते आहेस म्हणजे बटणवाल्या मावशींनी निरोप नीट दिला आणि तू कोटाचं अस्तर उसवलंस. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तीही कुरकुरते, दोघांचं छान जमतं.

आता कामाचं. शनिवारच्या आत ती खोली सोड. तुझ्या नवऱ्याला पत्ता कळलाय आणि रविवारी तो तिथे येणार आहे. भांड्याकुंड्यांचा मोह धरू नकोस.

सोमवारी तो दुकानात आला. पँट कमरेत सैल करायची म्हणाला. मी टेप लावली, माप दोनदा चुकलं. त्याचे हात मात्र शांत होते, तुझं मनगट ज्यांनी मोडलं तेच. "ताई, हिच्या दम्याचा पंप पोहोचला वाटतं," म्हणाला, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा. मग फोन पुढे धरला. गल्ली, दुसरा मजला, पिवळं दार, सगळं लिहिलेलं. "रविवारी सुट्टी आहे, जाऊन येतो." मी म्हटलं, "दोन इंच सोडू का?" दुसरं काय बोलणार होते मी?

संध्याकाळी चौकीत गेले. साहेब म्हणाले, नवरा बायकोला भेटायला जातोय, यात गुन्हा कसला?

तुला वाटेल, पत्ता फुटला कुठून. फोन तू टाकून दिलास, कामावर दुसरं नाव लावलंस. पत्ता फक्त मावशींच्या डोक्यात आणि माझ्या मापांच्या वहीत, तोही एका जाडजूड गिऱ्हाइकाच्या पानावर. ती वही मी उशाशी घेऊन झोपते. पण हल्लीच्या या फोनवाल्यांचं काही खरं नाही बघ. त्या औषधांच्या कंपनीला तर भर चौकात उभं करून...

नाही. कंपनीला शिव्या घालून मी पानभर लिहीन, आणि अस्तरात कागद मोजकाच मावतो. बारके, पत्ता मी दिला.

तिथे पंप मिळत नाही, जिना चढताना मधेच बसावं लागतं, असं तू लिहिलं होतंस. मावशींची पुढची फेरी तीन आठवड्यांनी होती. मला राहवलं नाही. फोन उघडला. लग्नानंतर त्यानेच सगळ्या घराचं मिळून त्या कंपनीत एक खातं काढून दिलं होतं, आठवतं? आईच्या गोळ्या, माझं बीपी, तुझा पंप, सगळं घरपोच. जावई असावा तर असा, म्हणून मीच चारचौघांत मिरवलं होतं. तुझं नाव, जन्मतारीख, डॉक्टरची चिठ्ठी, सगळं आधीच भरलेलं होतं. फक्त नवा पत्ता घालायचा होता. खाली विचारलं, "हा पत्ता घरच्यांसाठी जतन करायचा का?" म्हटलं, बरंच झालं, पुढच्या वेळी पुन्हा टाइप करायला नको. "हो"वर बोट ठेवलं. त्या घरच्यांमध्ये तो अजून आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तीस वर्षं कपडे शिवते. कुणाचा खांदा उतरता, कुणाचं पोट सुटलं, या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. आणि सख्ख्या बहिणीचा पत्ता असा देऊन बसले. मला माफ कर असं लिहायलाही धजावत नाही.

तो गेल्यावर कंपनीला फोन लावला. मुलगी गोड बोलली. म्हणाली, नाव आणि पत्ता काढायला खातेप्रमुखांची परवानगी लागेल. खातेप्रमुख कोण, तर तो. मी म्हटलं, "अगं, नाव तिचं, आजार तिचा." ती म्हणाली, "हो मॅडम, पण खातं त्यांचं आहे ना."

मी स्वतःच धावत आले असते. पण कालपासून तो समोरच्या चहाच्या दुकानात बसून असतो. मी निघाले की मागोमाग येईल. काल मावशींची पिशवी "द्या, मी धरतो" म्हणत घेतली आणि आत डोकावला. म्हणून हा कोट. मावशी दुपारी निघतात, उद्या तुझ्याकडे पोहोचतील. त्यांना फक्त एवढंच सांगायला सांगितलंय, की अस्तर टोचेल, उसवून बघ. खिशाच्या आत तिकिटापुरते पैसे शिवलेत. कोट तुझ्या जुन्या मापाचा आहे. बारीक झाली असशील तर ढगळ होईल, पण आता नवं माप घ्यायला तू कुठे समोर उभी राहणार आहेस?

एक शेवटचं. जिथे जाशील तिथला पत्ता मला कळवू नकोस. मावशींनाही नको. तो फोन मी बंद करून ठेवलाय, पण माझा आता माझ्यावर भरवसा नाही. तुला पुन्हा धाप लागली असं कळलं, तर मी परत काहीतरी करून बसेन. आई रोज विचारते. तिला सांगेन, खुशाल आहे. तेवढं खोटं मला जमतं.

अस्तर पुन्हा टाचून घे, बारीक टाके घाल. सकाळची थंडी तुला सोसत नाही.

जिला तुझा पत्ता माहीत नाही अशी,
तुझी ताई