आधी रॅम बघ

१२ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे, औषध बदललं. तुझ्या लेकीसाठी कॉम्प्युटर अजून पाठवू शकलो नाही, रागावू नकोस. काम सोपं वाटलं होतं. धाकट्याचं मशीन पुसायचं, नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, खोक्यात भरायचं.

पण इन्स्टॉल मध्येच कोसळतं. कधी वीस टक्क्यांवर, कधी सत्तरवर. निळा स्क्रीन येतो, त्यावर दर वेळी वेगळीच तक्रार, आणि मशीन आपणहून पुन्हा सुरू होतं. मी पेनड्राइव्ह बदलला, केबल बदलली. मशीनच्या पंख्यातली धूळ काढली, तर त्यात त्याचा एक केस निघाला.

आई दारातून म्हणते, "अरे, मालकाला विचारलंस का?" आणि हसते. मला हसू येत नाही. खरं सांगू? त्या खोलीत जाताना मी दार वाजवायला लागलोय. न विचारता वस्तूंना हात लावला की तो कसा अंगावर यायचा, आठवतं ना? मी आत गेलो की पंखा जरा जोरात फिरतो. भास असेल.

दुरुस्तीच्या गिऱ्हाइकांना तो फोनवर काय सांगायचा, ते घरात सगळ्यांना पाठ आहे. "बंद पडायचं ठिकाण बदलतंय ना? मग आधी रॅम बघा की!" म्हणजे मला पहिल्यापासून माहीत होतं. तरी मी रॅम सोडून सगळं बघितलं. आधी स्वस्तातले उपाय करावेत, असं स्वतःला सांगत राहिलो. रॅम काढून बघायला एक पैसा लागत नाही.

आणखी एक. डिस्क पहिल्याच खेपेला कोरी झाली होती. फोटो आधीच काढून ठेवलेत, काळजी नको. पण आईला हे बोललो नाही. त्याचं सगळं अजून आत आहे आणि तेच अडवतंय, असं तिला वाटू दिलं. स्वतःलाही.

काल दुपारी त्याच्या फोनवर जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "बाहेर गेलाय," मी म्हणालो, "आला की सांगतो." फोन ठेवला तर आई मागे उभी.

"इस्पितळात सही कुणी केली रे?"

"मी."

"मग गेला म्हण. गेलाय म्हटलं की तो माणूस वाट बघत बसेल."

मी तिथेच खाली बसलो. डिस्कचं सांगून टाकलं.

"म्हणजे आत कुणीच नव्हतं? मग मेल्या, दार कुणासाठी वाजवत होतास?" असं म्हणाली आणि स्वतःच्याच शब्दाला दचकली.

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढली. इन्स्टॉल कुठेही न अडता पार पडलं. शेवटी स्क्रीनवर नाव विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "टाक पोरीचं." टाकलं. आता मशीन इतकं शांत चालतं की त्या खोलीत बसवत नाही.

खोकं कुरियरने पाठवत नाही. तूच ये न्यायला. आईसाठी ये असं लिहिणार होतो, पण ती नीट आहे गं. माझ्यासाठी ये.

आपला धाकटा गेला, ताई.

तुझा एकुलता भाऊ