फुलटोच्याचं पान

आमली, सिल्वासा
९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय सुकदेव,

नमस्कार. घरी सगळे मजेत असतील असं धरून चालतो. इथे कावेरी ठीक आहे, जुईचं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू आहे आणि मी आहे तसाच आहे.

तुझं पुस्तक पोचलं. कुरिअरवाला दार वाजवून थकला म्हणे, शेवटी शेजारच्या तानूबाईंनी घेऊन ठेवलं. भो, तू पुस्तक लिहिशील असं मला कधी वाटलं नव्हतं हां! शाळेत निबंधाला माझी वही मागायचास, आणि आता गावच्या नाल्यावर, पळसावर, पाखरांवर एवढं झकास लिहितोस? जळलो मी, खरं सांगतो. मग परत पहिल्यापासून वाचायला बसलो.

पहिल्या पानावर माझं नाव टाकलंस. 'नवनाथला, ज्याच्या कानांनी मी रान ऐकलं.' कावेरी हसायलाच लागली. "कोणाचे कान? ह्यांचे?" मी पुस्तक मिटून चहा मागितला.

तू रागावला असशील. मी फोन उचलत नाही. मोबाइलवर पाखराचा आवाज पाठवून "ओळख बघू" म्हणालास, तर नुसता अंगठा दाखवला. मोठा शहाणा झाला म्हणशील. कसला शहाणा, डोंबलाचा! मोरीचं दार लावून, मोबाइल कानाला चिकटवून तो आवाज परत परत लावला. काहीच आलं नाही. शेवटी कंटाळून तूच उत्तर पाठवलंस, फुलटोच्या.

इथून जवळच्या सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात इतकी वर्षं मशीनवर उभा आहे. कानात घालायला बूच देतात, पण ते घातलं की मशीन बिघडल्याचं कळत नाही, म्हणून सगळ्यांचं खिशातच असतं. तिथे जो तो बोंबलून नाहीतर हातवारे करून बोलतो, त्यामुळे माझं कोणाच्या लक्षात आलं नाही. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी. आता जुई बोलते ते अर्धंच पोचतं. तिला वाटतं, बाबा लक्ष देत नाहीत. पोरीचं ते तोंड बघवत नाही रे.

मंगळवारी कंपनीत कानांची तपासणी आहे. कान गेलेल्याला मशीनवर ठेवत नाहीत, आणि ह्या वयात दुसरं काम कोण देतो? कानाला लावलेल्या यंत्रात आवाज आला की बोट वर करायचं असतं. मागच्या वेळी मी पास झालो. काचेतून तपासणाऱ्याचं कोपर दिसतं. त्याने बटण दाबलं की ते हलतं, की मी बोट वर करतो. "एक नंबर कान आहेत काका," म्हणाला.

तुझं पुस्तक वाचून वाटलं, यंदा नको हे. खरं सांगून टाकावं आणि गावी यावं. पुढच्या पुस्तकासाठी रानात फिरायला तू बोलावतोच आहेस. दोन दिवस तसं ठरवूनही बसलो. पण जुईचं शिक्षण अजून व्हायचंय. मंगळवारी मी कोपरच बघणार.

म्हणून नाही येत, सुकदेव.

आभार मात्र मनापासून मानतो. तू फुलटोच्याच्या पानावर लिहिलंस, चिक्-चिक्-चिक्. ते मी तोंडाने म्हणून बघतो, तेव्हा घशात जाणवतं. घरात कोणी नसलं की म्हणतो. रडू येतं, पण म्हणतो.

पुढच्या पुस्तकात माझं नाव घालू नकोस. फक्त एक कर. पाखरू कसं दिसतं ते नाही लिहिलंस तरी चालेल, दिसतं मला अजून. ते कसं ओरडतं ते लिही.

अजून कावेरीलाही न सांगितलेलं तुला सांगून बसलेला,
नवनाथ