दांडीच्या रस्त्यावरचं कुत्रं

१४ जानेवारी १९८६, बोईसर
माझी बायको चंद्रकांता हिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. सहा आठवडे. दांडी गावाहून येताना आमच्या राजदूत मोटारसायकलला कुत्रं आडवं आलं. डॉक्टरांना तेच सांगितलं. रस्त्याकडेला बोंबील वाळत घातले होते हे खरं, पण त्याचा इथे संबंध नाही.
संक्रांतीचा तिळगूळ मी केला. दगड झाला. तिनं डाव्या हातानं वाटला. फार अपराधी वाटलं.

१७ जानेवारी
शेजारीण चौकशीला आली. चंद्रकांता स्वतःच म्हणाली, कुत्रं आलं. ती मागेच बसली होती. म्हणजे आलं असणार.

२० जानेवारी
मासिकात वाचलं, वैमानिकांना जमिनीवरच सिम्युलेटरवर शिकवतात. मग मोटारसायकलचा का नको? चालवणाऱ्याचं वर्तन शास्त्रीय पद्धतीनं तपासणार. दोष त्याचा नसतो हे सिद्ध झालं की तिलाही बरं वाटेल. उद्यापासून पहाटे काम. शिवाय भांडी मीच घासणार.

२१ जानेवारी
उठलो नाही. भांडी तिनं एका हातानं घासली. डिझाइनचा विचार करत असल्यामुळे आवाज उशिरा ऐकू आला.

९ फेब्रुवारी
राजदूत अंगणात स्टँडवर. पुढे दोन बांबूंवर चादर, तीवर रंगवलेला रस्ता. मेहुणा आनंदा बांबू फिरवणार. ब्रेक दाबला की सायकलची घंटी वाजते. पुठ्ठ्याचं कुत्रं दोरीवर. चादर तिच्या माहेरची होती हे नंतर कळलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
चाचणी. चंद्रकांता खुर्चीत, निरीक्षक म्हणून. कुत्रं आलं, घंटी वाजली. पुन्हा आलं, पुन्हा वाजली. चालवणारा निर्दोष.
तेवढ्यात दांडीची कोळीण वत्सला टोपली घेऊन फाटकाशी आली. म्हणाली, "सायेब, सुके बोंबील हायत, बगा तरी."
मी बघितलं. मान वळली, मागोमाग हँडल, मागोमाग राजदूत. उभ्या गाडीवरून पडलो. घंटी वाजली नाही.
आनंदा हसत सुटला. चंद्रकांता हसली नाही. म्हणाली, "त्या दिवशीही अश्शीच मान वळली होती. कुत्र्याचं मी लोकांना सांगत राहिले, तुमच्यासाठी. मला तरी तुम्ही खरं सांगायचं होतं."
स्टँड कमकुवत आहे, असं मी म्हणालो. का म्हणालो, कळत नाही.

२४ फेब्रुवारी
प्लास्टर काढायला पालघरला. आज वाटेत सगळं सांगायचं ठरवलं होतं. राजदूतला किक मारली. चंद्रकांता एसटीत चढली.
मी एसटीच्या मागे. पालघरपर्यंत एकदाही मान वळवली नाही. ते बघायला मागच्या सीटवर कोणी नव्हतं.