वरच्या खोलीची दुसरी किल्ली

कात्रज, ९ ऑगस्ट २००१

चि. भाग्यश्रीस बाबांचा जय भीम व आशीर्वाद.

तू बंगलोरला नोकरीला गेल्यावर वरची खोली दोन मुलींना भाड्याने दिली, ते तुला ठाऊकच आहे. दोघी कॉम्प्युटरच्या कंपनीत जातात. सकाळच्या घाईत गॅस बंद करतात की नाही, कोण जाणे. माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणून त्या गेल्या की माझ्याजवळच्या किल्लीने उघडून रोज बघून येतो. परवा दूध नासलं होतं, ते ओतून पातेलं घासून ठेवलं. दोरीवरच्या कपड्यांच्या घड्या घातल्या.

काल त्यांतली निकिता खाली आली. म्हणाली, की घर तुमचं असेल काका, पण दूध आमचं होतं. पाहणी करायची तर आधी कळवून, आम्ही असताना या, कायदाच तसा आहे. नाहीतर महिनाअखेर खोली सोडतो. मी मुलीसारखं बघतो आणि ही मला कायदा शिकवते. तुझी आई तिचीच बाजू घेते. तू शिकलेली आहेस, निकिताला समजुतीच्या दोन ओळी लिही.

वेळेवर जेवत जा. इकडची माया आहेच.

तुझे बाबा


बंगलोर, १७ ऑगस्ट

आदरणीय बाबांस भाग्यश्रीचा सविनय जय भीम. आईलाही सांगा.

निकिताला मी लिहिणार नाही.

तुम्हाला सांगायचं टाळत होते. मी ऑफिसात असताना माझे घरमालक खोलीत येऊन जातात. आधी नळ पाहायला, मग पंखा. साठीचे आहेत, मला मुलगी म्हणतात. चोरीला काही जात नाही. फक्त टॉवेल दुसऱ्या खुंटीवर असतो, उशी सरळ केलेली असते. गेल्या शनिवारी मी आंघोळ करत होते आणि दारात किल्ली फिरली. मी ओरडले, तेव्हा ते गेले. दाराला आतून कडी नाही. तेव्हापासून दाराशी ट्रंक सरकवून झोपते.

तुम्हाला बोलावून घ्यावं म्हणून लिहायला बसले, त्याच दिवशी तुमचं पत्र आलं. मग हात चालेना. तेही काळजीपोटीच येत असतील, बाबा. पण मला ते कसं कळणार? आणि निकिताला तरी?

राग मानू नका, लोभ कमी करू नका.

भाग्यश्री


कात्रज, २३ ऑगस्ट

चि. भाग्यश्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवताना शनिवारच्या ओळींपाशी मी पत्र तिच्या हातात दिलं. पुढचं तिने वाचलं. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी वर जाऊन कडी वाजवली आणि बाहेरच उभं राहून किल्ली निकिताला देऊन टाकली. तिने विचारलं, की आता गॅसचं कसं होणार काका. चिडवतच होती. मी म्हणालो, की तुमचं तुम्ही बघा. खोली सोडणार का, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता सकाळी जिन्यापाशी उभा राहून वास घेतो आणि परत येतो. एवढं चालत असावं.

तू आधी आतून कडी बसवून घे. त्या गृहस्थांना लिहून दे, की न कळवता यायचं नाही. मला तर आजच्याच गाडीने निघून त्यांच्यापुढे उभं राहावंसं वाटतं. पिशवी भरली, चपला घातल्या, आणि दारातच थांबलो. तुला न विचारता तुझ्या खोलीवर कसा येऊ? यावं का? ये म्हणालीस तर लगेच निघेन. नको म्हणालीस तर इथेच बसेन. झोप लागायची नाही, पण ते माझं मी बघेन.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
बाबा