पावसातही वाजणारे स्पीकर

२ मार्च, सकाळी ७.१०
निवृत्तीचा एक्केचाळिसावा दिवस. एकतीस वर्षं बसस्थानकाच्या माइकवर काढली. कोणती गाडी कुठे लागणार, कोणती उशिरा येणार, सगळं माझ्या तोंडून. आता तिथे मशीनमधली बाई बोलते. तिला 'फलाट' मधला 'फ' येत नाही. एकाही प्रवाशाने तक्रार केलेली नाही. मी चौकशी केली. जग कृतघ्न आहे. असो.
निश्चय: घरामागच्या फरसबंद अंगणात आउटडोअर स्पीकर बसवायचे. वेदरप्रूफ. ३० तारखेला आमच्या लग्नाला तीस वर्षं होतात आणि हिला जुनी गाणी आवडतात. माझा यात काडीचाही स्वार्थ नाही. आठवड्यात काम फत्ते.

४ मार्च
हिला सांगितलं. ही कॉलेजच्या लायब्ररीत असते, दिवसभर लोकांना गप्प बसवते. म्हणाली, अंगणात कशाला, तिथे संध्याकाळी किती छान शांत असतं. आनंद झाला की तो लपवायची तिची जुनी सवय आहे.

९ मार्च
आठवडा संपला. स्पीकर आले नाहीत, पण अभ्यास झाला. घाई करणाऱ्यांतला मी नाही.
साडूभाऊंना फोन केला. हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान, इंजिनिअर. एक प्रश्न विचारला, चाळीस मिनिटं बोलले. स्वतःचा आवाज ऐकायची माणसाला इतकी हौस असू नये. सार एवढंच: खोक्यावर IP लिहून पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. हे मला आधीपासून माहीत होतं, फक्त आकडे माहीत नव्हते. बाकीचं ऐकलं नाही, मध्ये चहा उतू गेला.

११ मार्च, दुपारी
दुकानात गेलो. विक्रेता चुणचुणीत. म्हणाला, सर, ऊन, वारा, पाऊस, कशाने काही होणार नाही, डोळे झाकून घ्या. मी म्हटलं, आधी आवाज बघू, माइक द्या. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." बस, एवढंच. वॉशिंग मशीनपाशी उभे असलेले एक गृहस्थ पिशवी उचलून दाराकडे धावले. एका आजीबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. याला म्हणतात पकड!
जोडी घेतली. माइकही घेतला. ही म्हणाली, गाण्यांना माइक कशाला? ऐनवेळी लागतो.

१३ मार्च
स्पीकर भिंतीवर चढवले. भोकं एकूण नऊ पडली, लागणार होती चार. पाच जादाची, पुढेमागे उपयोगी पडतील.
मग परीक्षा. पावसाची वाट कोण बघणार? बागेचा पाइप लावला, दहा मिनिटं, पूर्ण जोर. सहाव्या मिनिटाला उजवा गेला. डावा गुळण्या केल्यासारखा बोलला आणि तोही गेला.

१४ मार्च
विक्रेत्याने खोकं दाखवलं. शेवटचा आकडा चार. चार म्हणजे म्हणे नुसते शिंतोडे. वर मलाच विचारतो, पाइप धरायला कोणी सांगितलं होतं? परवा सर सर करत होता. गोड बोलून केसाने गळा कापणारी माणसं ही.
साडूभाऊ फोनवर म्हणाले, चारचा घेऊ नका असं मी त्या दिवशी तीनदा बजावलं होतं. यांना नंतर सगळंच आधी सांगितलेलं असतं.

१८ मार्च
नवी जोडी. शेवटचा आकडा सहा. साडूभाऊ स्वतः येऊन बसवून गेले, फोनमधलं ॲपही त्यांनीच लावून दिलं. माणूस तसा दिलदार आहे, मागचे शब्द परत घेतो. पाइप मारला. पठ्ठे वाजतच राहिले!
लगेच उद्घाटनाचे चार शब्द माइकवरून बोललो. पंचवीस मिनिटं. शेजारच्या दंतवैद्यबाई कुंपणापाशी आल्या. त्यांचा दवाखाना घरातच आहे. विचारलं, हे किती दिवस चालणार? म्हटलं, कायमचं! बाईंना बोलवेना. भावनाप्रधान आहेत.

२१ मार्च
दंतवैद्यबाईंची तक्रार, आणि तीही हिच्याकडे. त्यांचा पेशंट खुर्चीत, दाढेत मशीन, इतक्यात माझी घोषणा झाली. पेशंट तोंड उघडं ठेवूनच बाहेर आला म्हणे. आता तो माझ्या आवाजाने उठला की यांच्या मशीनला भिऊन, हे कोण ठरवणार? वीस वर्षांचा शेजार, आणि एका दाढेपायी असं बोलणं.
दुसरं म्हणजे स्पीकरचा आवाज कालपासून चढतच नाही. कुजबुजतात. पुन्हा फसवलं.

२४ मार्च, संध्याकाळी ५
दुकानात भांडायला गेलो. विक्रेत्याने माझा फोन घेतला, ॲप उघडलं आणि हसला. म्हणाला, सर, स्पीकर ठणठणीत आहेत, कोणीतरी आवाजाला मर्यादा घालून वर पासवर्ड लावलाय.
साडूभाऊंना फोन केला. आधी नेटवर्क नाही म्हणाले. मग आवाज येत नाही म्हणाले. शेवटी कबूल झाले: "ताईंनीच सांगितलं हो, मी काय करणार?" १९ तारखेला रात्री जेवायला आले होते, तेव्हा मी हात धुवायला गेलो तेवढ्यात उरकलं म्हणे.
घरभेदीपणा! माझ्या ताटात जेवून माझ्याच फोनमध्ये!
हिला जाब विचारला. पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, हो, मीच सांगितलं. पश्चात्ताप औषधालाही नाही. आजपासून बोलणं बंद. मी तिच्याशी.

२७ मार्च
बोलणं अजून बंद. तिच्या लक्षात आलं असावं. खात्री नाही.

२८ मार्च
बोलणं सुरू केलं. तिच्या लक्षात आलं नव्हतं.
पासवर्ड मागितला. दिला. एका संध्याकाळपुरता, अशी अट. परवा अकरा माणसं येणार. कार्यक्रम तयार आहे: माझ्या एकतीस वर्षांतल्या निवडक घोषणा, वर्षवार, आठवणींसह. शेवटी वेळ उरला तर हिची गाणी.

३० मार्च, रात्री ८.४०
वृत्तान्त लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.
सुरुवात उत्तम. पाचव्या वर्षापर्यंत सगळे बसून होते. सहाव्याला ढग दाटले, सातव्याला पाऊस कोसळला. बशा, खुर्च्या, माणसं, सगळं एका मिनिटात स्वयंपाकघरात. स्पीकर मात्र वाजत होते! टपोऱ्या थेंबांत, एक शब्द न अडखळता. मी वळचणीला उभं राहून पुढे चालू ठेवलं. अर्धवट सोडायची मला सवय नाही.
तेराव्या वर्षी साडूभाऊ छत्री घेऊन आले. म्हणाले, केक कापायचा खोळंबलाय, येताय की आम्ही कापू? अजून अठरा वर्षं बाकी आहेत, असं खुणेने सांगितलं. खिडकीतून दिसलं, त्यांनी कापला. दंतवैद्यबाई पोट धरून हसत होत्या. खिडकी कोणीतरी आतून लावून घेतली.
एकोणिसावं वर्ष माझं सर्वांत रंगलं. ते कोणीच ऐकलं नाही.

३१ मार्च, संध्याकाळी ५.३०
कामावरून आल्यावर हिने अंगणात दोन खुर्च्या टाकल्या. म्हणाली, आज ते बंद ठेवा आणि बसा जरा. बसलो. तिला कालबद्दल माफी मागायची असणार, म्हणून गप्प राहिलो.
माफी नव्हती. लायब्ररीतल्या गोष्टी सांगत होती. बोलता बोलता सहज म्हणाली, चार वर्षांपूर्वी मोठ्या शहरातल्या लायब्ररीने प्रमुख म्हणून बोलावलं होतं, ते घेतलं असतं तर आज कसं असतं कोण जाणे. तुमची नोकरी इथे, म्हणून नाही म्हणून कळवलं.
मी चाटच पडलो. विक्रेता परका, साडू साडूच, पण ही? एवढी मोठी गोष्ट चार वर्षं माझ्यापासून लपवली! असा विश्वासघात आयुष्यात झाला नव्हता. म्हटलं, मला सांगावंसं एकदाही वाटलं नाही?
"सांगितलं होतं," ती म्हणाली. "पत्र आलं त्या दिवशी. जेवताना."
मी काय म्हणालो मग?
"मीठ मागितलंत."
म्हटलं, ऐकू आलं नसेल, पुन्हा सांगायचं.
"पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी, नकार पाठवायच्या आधी."
तेव्हा काय म्हणालो, ते विचारलं नाही. ती कुंड्यांतली वाळकी पानं खुडत राहिली. मी बराच वेळ काहीतरी आठवायचा प्रयत्न केला. त्या वर्षीच्या सगळ्या घोषणा आठवल्या.